माझ्या हमीवरचा भाऊ

आमच्या घरात एक परदेशी माणूस राहतो. तो रोज माझ्या आधी उठून न्हाणीघर अडवतो, माझ्या कपातून कॉफी पितो, आणि मी काही बोलले की म्हणतो, "आची, सकाळी सकाळी नको गं." आची म्हणजे थोरली बहीण. हा परदेशी माणूस माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. नाव सॉ तैक हिन, घरात आ हिन. मलेशियातल्या पेनांग बेटावर, जेलुतोंगच्या याच घरात, मागच्या खोलीत तो जन्मला. तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि सुईणीला गरम पाणी नेऊन देताना माझा पाय भाजला होता. तो डाग अजून आहे. पण या घरात राहायला त्याला दरवर्षी सरकारची परवानगी लागते, आणि ती मिळते माझ्या हमीवर.

मी गैक सिम. बाजारात माझी पोपियाची गाडी आहे. पातळ पोळीत सलगम, टोफू, खेकडा घालून गुंडाळायचं आणि गिऱ्हाइकाशी वाद घालायचा, हे माझं आयुष्य. लोक म्हणतात माझी जीभ माझ्या मिरचीच्या चटणीपेक्षा तिखट आहे. असेल. या घरात कुणीतरी तिखट असायला हवं होतं, कारण बाकी सगळे भोळसट निपजले.

सुरुवात आमच्या वडिलांपासून, म्हणजे आ-पांपासून झाली. ते पेनांगात इंग्रजांच्या अमलात जन्मले आणि बंदरावर मुकादम होते. देश स्वतंत्र झाला, झेंडा बदलला, तरी आमच्या भिंतीवरची राणीची तसबीर त्यांनी काही उतरवली नाही. "आपण राणीची माणसं," असं ते छाती काढून सांगायचे. त्यावर आई म्हणायची, "मग राणीला कळवा, छप्पर गळतंय." आम्ही दोघंच भावंडं. मी हसायचे. आ हिन मात्र तसबिरीकडे बघत बसायचा.

मोठा झाल्यावर तो वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करायला लागला. आमच्याकडे बारा महिने उकाडा, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. बायको बी लिआन चांगली होती. नीटनेटका राहायचा, इस्त्रीचा शर्ट घालून लोकांच्या छपरांवर चढायचा. कमी काही नव्हतं, पण त्याला नेहमी वाटायचं की खरं आयुष्य दुसरीकडे कुठेतरी चाललंय आणि आपल्याला बोलावणं यायचं राहिलंय.

चव्वेचाळिसाव्या वर्षी ते बोलावणं आलं. लिओंग नावाच्या एका एजंटाने गावातल्या हॉटेलात सभा ठेवली होती. कॉफी फुकट, करीचे पफ फुकट. आ हिन मलाही ओढून घेऊन गेला. लिओंगने टाय लावला होता आणि तो फार गोड बोलत होता. "ज्यांचे वडील पेनांगात किंवा मलाक्कात राणीच्या झेंड्याखाली जन्मले, त्यांचा ब्रिटिश हक्क झोपलेला आहे," तो म्हणाला. "त्याला फक्त उठवायचं."

त्या झोपलेल्या हक्काचं नाव होतं समुद्रापलीकडचा ब्रिटिश नागरिक. मी हात वर करून विचारलं, "म्हणजे अलीकडचा नाही ना? मग त्यांच्या देशात राहू देतात का?"

"तिथेच तर गंमत आहे, ताई," लिओंग हसला. "नुसता हा पासपोर्ट असून भागत नाही. मलेशियाचा सोडायचा. आपल्या सरकारला दोन पासपोर्ट चालत नाहीत, आणि घरात पहिली बायको असेपर्यंत दुसरी कुठे विश्वास ठेवते? पहिली सोडा. मग तुम्हाला दुसरा कुठलाच देश उरत नाही. ज्याला देशच नाही, त्याला ते हाकलणार कुठे?"

सगळे हसले. आ हिनही हसला. मी पफ अर्धा टाकून उठले.

घरी येऊन मी त्याला धुऊन काढला. "तुला अक्कल आहे का? नवीन चप्पल पायात यायच्या आधी जुनी कुणी समुद्रात फेकतं का?"

"आची, तू आयुष्यभर पोपियाच गुंडाळणार. तुला नाही कळायचं."

"मला कळतं. तो माणूस तुला गुंडाळतोय."

"कायद्यात लिहिलेलं आहे, हक्क आहे आपला. आ-पांनी उगाच तसबीर लावली होती का?"

आई कोपऱ्यात भाजी निवडत होती. ती एवढंच म्हणाली, "जायचं तर जा. पण परत यायचा रस्ता मोडून जाऊ नकोस." तो तिच्या पाया पडला, आणि रस्ता मोडून गेला.

तो इंग्लंडमधल्या हल नावाच्या गावी पोहोचला. नवीन पासपोर्ट मिळाला, त्यावर सिंह आणि शिंगवाला घोडा. त्याचा फोटो त्याने आम्हाला पाठवला. मग तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन त्याने मलेशियाचा पासपोर्ट आणि निळं ओळखपत्र दिलं आणि मी या देशाचा नागरिक नाही असं लिहून सही केली. आमच्याकडे नागरिकाचं कार्ड निळं असतं. बाराव्या वर्षी ते मिळालं तेव्हा तो उशाशी घेऊन झोपला होता. सहीनंतर त्याने फोन केला. "झालं, आची! आता मी मोकळा."

खरंच मोकळा झाला. कारण इंग्रजांचा कायदा तो जायच्या दोन वर्षं आधीच बदलला होता. ज्याला दुसरा कुठलाच देश नाही अशा समुद्रापलीकडच्या नागरिकाला ते आपलं म्हणायला तयार होते. पण ज्याने अमुक तारखेनंतर आपल्या हाताने स्वतःचा देश सोडला, त्याला नाही. म्हणजे ती सही केली म्हणून दार उघडेल असं लिओंगने सांगितलं, आणि ती सही केली म्हणूनच दार बंद झालं. सही केली नसती तर निदान मान खाली घालून घरी तरी येता आलं असतं. लिओंगच्या कचेरीला तोवर कुलूप लागलं होतं. फसलेला आ हिन एकटा नव्हता. पेनांग-मलाक्काची अशी कितीतरी माणसं तिथे अडकली. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाच्या हातून ही चूक व्हायचीच नाही, कारण दुसऱ्या कुणाकडे टाकून द्यायला एक देश आणि भुलायला एक राणी, दोन्ही एकदम नव्हतं.

लिओंगचं एक मात्र बरोबर निघालं. आ हिनला कुणी हाकललं नाही. मलेशिया म्हणे, हा आमचा नाही. इंग्लंड म्हणे, आमचा आहे पण इथे राहायचा नाही. चौदा वर्षं तो तसाच राहिला. दर महिन्याला पोलिसांत जाऊन तोंड दाखवायचं. काम करायला बंदी, म्हणून एका चिनी खानावळीच्या तळघरात लपून बटाटे सोलायचे. वकील बदलायचे, अर्ज करायचे, नकार घ्यायचा, पुन्हा अर्ज करायचा. बी लिआनने नऊ वर्षं वाट पाहिली आणि मग ताइपिंगच्या एका टायरवाल्याशी लग्न केलं. मी तिला एका शब्दाने बोलले नाही. लग्नात मी पोपिया नेले होते.

आई आजारी पडली तेव्हा त्याचा शेवटचा अर्ज चालू होता. देश सोडला की अर्ज संपला, अशी त्याची स्थिती. मी फोनवर म्हटलं, "अर्ज गेला खड्ड्यात. आई तुझं नाव घेतेय."

"आची, इथून निघालो आणि तिथे आत घेतलं नाही, तर? मी विमानतळावरच मरेन."

"मग मर! पण इकडच्या विमानतळावर मर, आईपासून अर्ध्या तासावर."

तो रडायला लागला. "माझे पाय हलत नाहीत गं," म्हणाला. आई गेली. आमच्यात मुलाने अगरबत्तीचं भांडं घेऊन शवपेटीच्या पुढे चालायचं असतं. ते मी घेतलं. लोक बघत राहिले, पण कुणाची काही बोलायची हिंमत झाली नाही.

तो अर्जही फेटाळला गेला. मग कधीतरी दोन्ही सरकारांचं काहीतरी ठरलं, की अशा माणसांनी हवं तर परत यावं, पाहुणा म्हणून. वर्षावर्षाच्या परवान्यावर राहावं, इथल्या नागरिक नातेवाइकाने त्यांची हमी घ्यावी, पाच वर्षं नीट राहिले तर पुन्हा नागरिक व्हायचा अर्ज करावा. आ हिन एक बॅग घेऊन आला. गेला तेव्हा केस काळे होते, आला तेव्हा केसच नव्हते. विमानतळावरच्या पोराने सिंहाचा पासपोर्ट पाहून अदबीने इंग्रजीत विचारलं, "स्वागत आहे, सर. पेनांगला पहिल्यांदाच आलात? किती दिवस राहणार?"

आ हिन म्हणाला, "ठेवाल तितके."

घरी आला, आईच्या फोटोसमोर गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मी चौदा वर्षं शिव्या साठवून ठेवल्या होत्या, त्यातली एकही तोंडातून निघाली नाही. मी म्हटलं, "हात धू. वाढते."

तेव्हापासून तो माझ्या गाडीवर सलगम किसतो. चांगला किसतो, पण बोलत नाही. पूर्वी हाच माणूस अनोळखी गिऱ्हाइकाला फुटबॉलवरून तासभर छळायचा. सरकारी दवाखान्यात त्याला परदेशी लोकांच्या खिडकीपाशी बसावं लागतं, बांगलादेशी मजुरांच्या शेजारी. ते त्याला विचारतात, "काका, तुमचा देश कुठला?" निवडणुकीच्या दिवशी मी मत देऊन येते तेव्हा तो माझ्या बोटावरची शाई बघतो. एकदा त्याने त्या शाईवरून आपलं बोट फिरवून पाहिलं, पण ती वाळली होती.

मला एकच हवं होतं. माझे डोळे मिटायच्या आत याला निळं कार्ड मिळावं. कारण माझी हमी आहे तोवर याला परवाना आहे. मी गेले की याची हमी घेणार कोण? माझे यजमान केव्हाच गेले. एकुलता मुलगा चिन वेई मेलबर्नला आहे, आणि त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं. अगदी रीतसर, नवीन हातात पडल्यावरच जुनं सोडून. माझाच मुलगा तो! पण आता तोही इथे परदेशीच, त्याची हमी चालत नाही. आणि परवाना संपला तर आ हिनला पाठवणार कुठे? लिओंगचा तोच प्रश्न, पण आता त्याच्यावर कुणी हसत नाही.

पाच वर्षं झाली आणि आम्ही अर्ज केला. परदेशी लोकांच्या कचेरीत पुआन रोस्लिना म्हणून एक बाई बसते. स्वभावाने मऊ, मला मकचिक म्हणजे मावशी म्हणते आणि आ हिनला पकचिक, म्हणजे काका. कागद बघून तिने मान डोलावली. "सगळं ठीक दिसतंय. आता फक्त एक राहिलं. हा ब्रिटिश पासपोर्ट सोडल्याचा दाखला लागेल, पकचिक. आपल्याकडे दोन चालत नाहीत ना. इथे सही केलीत की मी पुढे पाठवते. आधी तो सोडा, मग हे मिळेल."

आ हिनने पेन हातात घेतलं. मग विचारलं, "मधल्या काळात मी कोण?"

"मधल्या काळात?" ती जराशी गडबडली. "अर्जदार."

"आणि हे नक्की मिळेल?"

"मला तरी वाटतं मिळेल. पण तसं मला लिहून देता येत नाही, पकचिक. निर्णय वरून येतो."

मी त्याच्या कोपराला ढोसलं. "कर की." त्याने पेन खाली ठेवलं, अगदी हळू, आणि उठून बाहेर गेला.

बाहेर, पायऱ्यांवर, सगळ्या लोकांदेखत मी त्याच्यावर तुटून पडले. "आता कसलं सोंग? तो लिओंग चोर होता. ही सरकारची बाई आहे!"

"तोही असाच गोड बोलायचा."

"अरे, तो सिंहाचा पासपोर्ट तुझ्या काय कामाचा आहे? त्याने तुला बटाटे सोलण्याखेरीज काय दिलं?"

"काही नाही दिलं. पण आहे तरी." तो खाली बघत होता. "आची, हेच वाक्य होतं. आधी सोडा, मग मिळेल. अगदी हेच. मला कळतंय गं, या वेळी बहुतेक खरं असेल. डोक्याला कळतं. हाताला नाही कळत."

मी त्याला नाही नाही ते बोलले. भित्रा म्हटलं, नेभळट म्हटलं, आईचं नाव काढलं. तो ऐकत राहिला. बसमध्ये त्याने माझी पिशवी धरली. घरी आल्यावर भांडी घासली. सही मात्र केली नाही, आणि अर्ज तसाच पडून राहिला.

मागच्या वर्षी माझ्या छातीत कळ आली. गाडीवरच खाली बसले. दवाखान्यात नळ्या घातल्या, फुगा घातला, आणि डॉक्टरने बाजार बंद करायला सांगितला. बाजार काही मी बंद केला नाही. पण त्या आठवड्यात आ हिन माझ्या खाटेशी बसून असायचा, आणि त्याच्या तोंडाकडे पाहून मला माझ्यापेक्षा त्याचीच काळजी वाटायची. मी जरा खोकले की हा उभा राहायचा. बहिणीवर माया होतीच. पण त्या मायेच्या खाली दुसरी एक भीती होती, आणि ती आम्हाला दोघांनाही दिसत होती.

परवाना वाढवायला गेलो तेव्हा पुआन रोस्लिनाने माझा हमीचा कागद पुन्हा पुन्हा पाहिला. "मकचिक, वय एकाहत्तर ना? तब्येत कशी आहे?"

"घोड्यासारखी," मी म्हटलं.

"देव करो तशीच राहो. पण... वरून विचारतात, म्हणून विचारते. तुमच्यानंतर पकचिकची हमी कोण घेणार? दुसरं एखादं नाव घालून ठेवलं तर बरं."

मी आ हिनकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. "बघू," मी म्हटलं. "अजून आहे मी."

घरी जाताना मी भांडले नाही. तेवढा दम राहिला नव्हता. नुसतं म्हटलं, "आ हिन, मी थकले रे. सही कर. माझ्यासाठी कर."

तो म्हणाला, "चेंग बेंग होऊन जाऊ दे. आईला विचारतो."

चेंग बेंगला आम्ही पितरांच्या थडग्यांवर जातो. बातू गंतोंगच्या टेकडीवर त्या दिवशी सकाळीच ऊन डोक्यावर आलं होतं. आ हिनने आईच्या थडग्याभोवतालचं गवत कापलं, दगडावरची अक्षरं नव्या रंगाने भरली. मी उकडलेली कोंबडी मांडली, भाजलेलं डुकराचं मांस, गुलाबी केक, शिंपल्या, चहाचे पेले. आई आणि आ-पांसाठी, दोघांचे दोन. अगरबत्ती अर्धी जळेपर्यंत थांबायचं, मग दोन नाणी उडवून विचारायचं, आई, जेवलीस का? एक छापा आणि एक काटा पडला तर हो. दोन्ही सारखी पडली तर अजून जेवतेय, थांबा.

आ हिनने नाणी उडवली. "आई, आ-पा, झालं का जेवण?" एक छापा, एक काटा. मी पेले आवरायला घेतले. तेवढ्यात त्याने नाणी पुन्हा उचलली, ओंजळीत घेऊन कपाळाला लावली, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी विचारलं. मी हातातला पेला तसाच धरून थांबले. मनात म्हटलं, आई, हो म्हण गं. एवढी एक गोष्ट माझ्यासाठी कर.

नाणी सिमेंटवर वाजली. दोन्ही छापे. त्याने पुन्हा विचारलं. दोन्ही काटे. तिसऱ्यांदा विचारताना त्याचे डोळे गच्च मिटलेले होते. एक नाणं जागेवरच पडलं, दुसरं गोल फिरत जाऊन शिंपल्यांच्या टरफलांत थांबलं. मी वाकून पाहिलं. एक छापा, एक काटा.

"हो म्हणाली!" मी ओरडलेच. "आईने हो म्हटलं! आता उद्याच जाऊ. उद्या सही कर."

त्याने डोळे उघडले. ते नाणं स्वतः जवळ जाऊन पाहिलं आणि हसला. हलला गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. सगळा चेहरा सुटून आला होता, शर्टाला इस्त्री करून छपरांवर चढायचा तेव्हासारखा.

"सहीचं नाही विचारलं, आची."

"मग?"

"विचारलं, आचीच्या आधी मला नेशील का."

मी त्याच्या दंडावर जोराने थापड मारली. "मेल्या, थोरली मी आहे! आधी मी!" शेजारच्या थडग्यावरची माणसं वळून बघायला लागली. तो हसतच होता. त्याने खाली बसून केक पिशवीत भरले, आ-पांचा चहा गवतावर ओतला. "चल," म्हणाला, "ऊन वाढतंय, तुला सोसत नाही." त्याने माझा हात धरला आणि आम्ही पायऱ्या उतरायला लागलो.

मी रडत उतरले. तो समजला मी रागाने रडतेय, आणि मी त्याला तसंच समजू दिलं. पण खरं सांगते, थापड मारायच्या आधी, त्याचं बोलणं कानावर पडल्याबरोबर, मला हायसं वाटलं होतं. माझा धाकटा भाऊ माझ्याआधी मरणार, आणि मला हायसं वाटलं.